शेवटाला 'र' लागलेली माणसं

वाडीच्या आडावर सकाळी बायका पाणी शेंदायला जमल्या की मुंबईचा अर्धा कारखाना तिथं गोळा होई. कुणाचा टर्नर, कुणाचा वायंडर, कुणाचा पेंटर. "टर्नरला खोकला लागलाय म्हणं," एक सांगायची. "आमचा क्लीनर औंदा बी यायचा न्हाई, त्याला रजा न्हाई," दुसरी सांगायची. माणूस मात्र एकही तिथं नसे. नुसते शब्द.

नवऱ्याचं नाव बाईनं तोंडातून काढायचं नाही, ही रीत काही काल-परवाची नव्हे. पण पूर्वी 'आमचं हे' आणि 'पोराचा बा' एवढ्यावरच भागवावं लागे, आणि आडावर सगळ्यांचे 'हे' एकमेकांत मिसळून जात. माण तालुक्यातली माणसं पावसानं दगा दिला तशी मुंबईला गेली, गिरण्या-कारखान्यांत लागली, आणि गावी येताना हे इंग्रजी शब्द घेऊन आली. तेव्हापासून बायकांची सोय झाली. नाव घेतल्याचा दोष नाही, कुणाचं कोण ते लगेच कळतं, आणि वर शब्दाला वजन आहेच. जिच्या नवऱ्याला शब्द नव्हता, जो इथंच शेरडं राखत होता, ती आडावर घागर भरून गुमान निघून जायची.

मनुबाईचा फिटर होता.

तिनं तो शब्द असा मिरवला होता की नव्या नवरीनं पैठणीही तशी मिरवू नये. क्लीनर म्हणजे पुसणारा, वायंडर म्हणजे गुंडाळणारा. फिटरवाचून मात्र गिरणीचं चाक फिरत नाही, असं तिनं कुणीतरी सांगितलेलं ऐकलं होतं आणि मग ते सगळ्या वाडीला ऐकवलं होतं. तिचा मुलगा गुंडा लढाईवर गेला, तिकडं मोटार चालवायला लागला, तेव्हा तिची सून शालू ड्रायव्हरीण झाली. "एका घरात फिटर बी आन ड्रायव्हर बी," मनुबाई म्हणायची, "आमच्या उंबऱ्याला आता इंग्रजीच बोलावं लागंल." तिची जीभ साऱ्या वाडीला ठाऊक होती. तिच्यापुढं पाटलाचा आवाजसुद्धा खाली येई.

तिची अडचण इतर बायकांपेक्षा थोरली होती. नवऱ्याचं नाव नाथाजी, आणि म्हसवडचा देव सिद्धनाथ. लग्न झाल्यापासून तिनं देवाचंही नाव घेतलं नव्हतं. रथाच्या जत्रेला सगळी माणसं 'नाथसाहेबाच्या नावानं' म्हणून गर्जत, तेव्हा मनुबाई तोंड मिटून उभी राही, आणि मागचं 'चांगभलं' तेवढं सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणे.

त्या जत्रेलाच तो यायचा. मार्गशीर्ष लागायच्या आदल्या दिवशी मोटार म्हसवडला थांबायची, आणि त्यातून तेलकट वासाचा, खाकी कोटातला, हातात ट्रंक घेतलेला नाथाजी उतरायचा. घरी आल्या आल्या पाणी प्यायच्या आधी त्याची नजर दारावरनं, कडीवरनं, रहाटावरनं फिरायची. कुठं काय ढिलं झालंय ते त्याला लांबून दिसायचं. जत्रेचे चार दिवस घरात कानस घासल्याचा आवाज चाले, आणि मनुबाई भाकरी थापता थापता तो ऐकत राही. "घरी आलाय का कामावर?" असं ती वर म्हणायची. पण तो आवाज थांबला की तिचाही हात थांबायचा.

लढाई सुरू झाली आणि येणं कमी झालं. गिरण्या रात्रंदिवस चालतात, रजा मिळत नाही, असे निरोप आले. मागल्या जत्रेला नाही, त्याच्या मागल्यालाही नाही. कुणा येणाऱ्याच्या हाती लुगडं यायचं, चार पैसे यायचे, माणूस यायचा नाही. घराचं मागचं दार खाली बसलं होतं. उघडताना जमिनीवर खरवडायचं. शालू म्हणाली, "आत्या, सुताराला बोलवू का?"

"फिटरच्या घरचं दार सुतार बसवणार?" मनुबाई म्हणाली. "खरवडू दे. त्याच्या आवाजानं चोर आला तर कळंल तरी."

ती ते दार दिवसातून दोनदा दोन्ही हातांनी उचलून लावायची, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

हरिबा ताकाला यायचा. हा गिरणीत वायंडिंग खात्यात होता. यंत्रात उजव्या हाताची बोटं गेली आणि तो कायमचा वाडीला परत आला. इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगणारा तेवढा एकच. एकदा तो ओसरीवर तांब्या घेऊन बसला असताना मनुबाई म्हणाली,

"हरिबा, ह्या समद्या शब्दांच्या बुडाला र-र-र का रं असतंय? गाडी अडल्यावाणी?"

हरिबाला असं विचारलेलं फार आवडायचं. "वयनी, त्यो र म्हंजी करणारा. टर्न म्हंजी फिरवायचं, टर्नर, फिरवणारा. पेंट म्हंजी रंगवायचं, पेंटर, रंगवणारा. ड्राइव्ह म्हंजी हाकायचं; ड्रायव्हर, हाकणारा. इंग्रजाचं सोपं असतंय बगा. कामाला फुडं र लावला की माणूस तयार."

"आन फिटर?"

"फिट म्हंजी बसवायचं. जितल्या तितं बसवणारा."

"हे मातर खरं," मनुबाई म्हणाली. "मला जितल्या तितं बसवूनच गेलाय."

शालू पदर तोंडाला लावून हसली. हरिबाही हसला. मनुबाई तांदळातले खडे वेचत होती, मान वर न करता तिनं विचारलं, "आन जो वाट बघतो त्याला काय म्हणत्यात?"

हरिबानं डोकं खाजवलं. "त्याला... वेट म्हंजी वाट बघायची. म्हंजी वेटर. पर वयनी, मुंबैत वेटर म्हंजी हाटेलात चहा देणारा पोऱ्या."

"मेल्या, म्या तुला फुकट ताक देते ती काय तुझ्या हाटेलातली हाय व्हय?"

"मी कुठं म्हणलं! तुमीच इचारलं."

"बरं, ते ऱ्हाऊ दे. काम सुटलं की त्या र चं काय होतंय?"

हरिबानं आपला बोटं गेलेला हात मांडीवर पालथा घातला. "मग र बी सुटतोय," तो म्हणाला. "मी वायंडर हुतो. आता नुसता हरिबा हाय."

मनुबाईनं त्याच्याकडं पाहिलं, आणि तांब्यात आणखी ताक ओतलं. पण बोलायची ती बोललीच. "तुझं सोड. आमचा फिटर मरंस्तवर फिटर."

चैत्र सरला तेव्हा कृष्णात वाडीला आला. हा मनुबाईच्या भावकीतला पुतण्या. मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कृष्णाकाठी उतरायचा, तिकडच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. या वेळी बहिणीच्या लग्नासाठी तो मेंढरं भावावर सोपवून मधेच आला होता. पाया पडून तो ओसरीवर बसला आणि उगाच घोंगडीच्या दशा ओढायला लागला.

"काय रं, मेंढरांनी जीभ खाल्ली का तुझी?" मनुबाई म्हणाली.

"काकी, शालूवयनी घरात हाय का?"

"रानात गेलीया. बोल."

"काका भेटलं हुतं."

मनुबाईच्या हातातलं सूप थांबलं. "तू कवा गेलास मुंबैला?"

"मुंबैत न्हवं. सांगलीला. हरिपुरात."

"तुझं डोळं फुटलं असतील. त्ये दुसरं कोण असंल."

"काकी, मी काकाच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीया. मला काका कळत न्हाईत व्हय? हळदीच्या पेवात उतरत्यात त्ये. पोती रिकामी करायचं काम. मी हाक मारली तर म्हणलं, पैशे मुंबैवाल्यांच्या हातीच धाडतोय, कुणाला सांगू नगंस." कृष्णातनं घोंगडीची एक दशी तोडली. "एका डोळ्यानं दिसत न्हाई त्यास्नी."

"फिटर कशाला हळदीत उतरंल?" मनुबाई म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. पण ते विचारणं नव्हतं.

"कवापासनं?"

"दुसरं वरीस हाय, म्हणत हुती तिथली माणसं."

ती उठून आत गेली. मुंबई लांब होती, म्हणून ती इतकी वर्षं धीरानं राहिली होती. मुंबई म्हणजे आगगाडी, समुद्र, तीन पाळ्या, न मिळणाऱ्या रजा. त्या लांबीवर तिनं सगळा बोल ठेवला होता. सांगली लांब नव्हती. सकाळची मोटार धरली तर दिवेलागणीला माणूस सांगलीत असतो. दुसरं वर्ष तो एवढ्याशा अंतरावर होता, ढग आले तर त्याला आणि तिला एकच ढग दिसला असेल, आणि तो आला नव्हता. तिनं मागचं दार दोन्ही हातांनी उचललं, लावलं, आणि तसंच धरून उभी राहिली.

बाहेर आली तेव्हा आवाज नेहमीचा होता. "लगीन झालं की तू परत जाणार न्हवं? मी येते. आन ह्यातलं एक अक्षर आडावर गेलं तर तुझी मेंढरं मी कापून वाडीला जेवण घालीन."

शालूला तिनं सांगितलं, हळद आणायला सांगलीला जाते.

"हळद?" शालू म्हणाली. "आत्या, आपल्या घरात लगीन कुणाचं हाय?"

"तुझ्या सासूचं," मनुबाई म्हणाली, आणि बाजरीच्या भाकऱ्या फडक्यात बांधायला लागली.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. म्हसवडहून निघालेली मोटार चढ आला की दम टाकी, आणि उतारू खाली उतरून तिला ढकलत. मनुबाईनंही पदर खोचून खांदा लावला. "पैशे बी आमीच द्यायचं आन गाडी बी आमीच ढकलायची," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मग तू कशाला ड्रायव्हर रं? हाकणारी तर मी झाले." गाडीतली माणसं हसली. विटा गेलं, तासगाव गेलं. ती खिडकीशी बसून बघत राहिली. रान हिरवं होत गेलं, माती काळी होत गेली, आणि तिच्या मनातला माणूस मात्र दिसेनासा झाला. खाकी कोट दिसे, ट्रंक दिसे. तोंड दिसेना. इतकी वर्षं आडावर ती 'फिटर, फिटर' म्हणत आली होती. त्या शब्दाला डोळे कुठं होते?

रात्र कृष्णातच्या मेंढरांजवळ काढून सकाळी ती दोघं हरिपूरकडं निघाली. वाटेत नदी लागली. वैशाखात वाहणारं पाणी मनुबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती काठावर थांबली. "एवढं पाणी घेऊन बसल्यात," ती म्हणाली, "आन आमी एका घागरीसाठी भांडतोय." तिनं तोंडावर पाणी मारलं, केस ओल्या हातानं चापून बसवले, कपाळाचं कुंकू कृष्णातला विचारून नीट केलं. "काकी, झ्याक दिसताय," तो म्हणाला. "गप," ती म्हणाली.

हरिपुरात नदीकाठच्या उंच रानात पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल खोली. तोंड घागरीसारखं अरुंद, आणि पोट आत मोठं होत गेलेलं. त्या मातीत हळद ठेवली की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उन्हाळ्यात हळद शिजून वाळली की पावसाच्या आधी पेवं भरायची, आणि तोंडावर काड घालून मातीनं लिंपून टाकायची. सगळं रान पिवळं होतं. बैल पिवळे, माणसं पिवळी, गाड्यांची चाकंसुद्धा पिवळी.

बाळगोंडा नावाचा जैन मुकादम एका पेवाच्या तोंडाशी उभा होता. दोन गडी पोती आणून तोंडाशी सोडत होते, आत हळद खळखळत जात होती. बाळगोंडानं वाकून आत हाक दिली, "ए नाथ्या! डाव्या अंगाला पसर रं!"

 वाडीत ते नाव कुणी घेतलं तर 'नाथाजीराव' म्हणून घ्यायचं. इथं ते भर उन्हात, नागवं, एखाद्या गड्याला मारावी तशा हाकेत पडलं होतं. मनुबाई पुढं झाली.

"पेवात हायती त्यास्नी जरा वर बोलवा."

बाळगोंडानं तिच्याकडं पाहिलं. "कुणाला, अव्वा? नाव सांगा की."

"नाव आत्ता तुमीच घेतलंसा. नीट घेतलं असतं तर बरं झालं असतं."

बाळगोंडाला एक क्षण लागला. मग तो हसला आणि टोपी मागं सारली. "नाथाजीराव," तो पेवात वाकून म्हणाला, "वर या. तुमच्याकडचं माणूस आलंय."

"कोण?" आतून आवाज आला. भिंतींवर आपटून आलेला, जाड झालेला. तरी तो तिला कळला. मोटारीत न सापडलेलं तोंड त्या एका शब्दात होतं.

ती तोंडाशी बसली, आणि वाकून म्हणाली, "आवं."

त्या हाकेला नाव लागत नाही. खाली हळदीवर चालणारे पाय थांबले. 

"कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगंना. वर या."

"काम चाललंय."

"मग मी बी हितं बसते. मला काय काम न्हाई." ती बाळगोंडाकडं वळली. "का वं, ह्ये पेव भरतंय कवा?"

"अर्धं झालंया. दिवस मावळायच्या आत तोंडाला लागंल, अव्वा."

"बेस झालं. वतत ऱ्हावा. हळद वर आली की माणूस कुठं जातोय?"

गडी हसले. एकानं तिच्यासाठी रिकामी पोती सावलीत अंथरली, पण ती तोंडाजवळून हलली नाही. पोतं आलं की मागं सरायची, हळद पडली की पुन्हा पुढं व्हायची. आत काळोख होता. खळखळ थांबली की पायानं हळद सारल्याचा आवाज यायचा; एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. ती तो ऐकत राहिली.

दुपारी गडी जेवायला गेले. नाथाजी वर आला नाही. तिनं बाळगोंडाकडून दोराला बांधलेली बुट्टी घेतली, फडक्यातल्या दोन भाकरी आणि लसणाचं तिखट तिच्यात ठेवलं, आणि बुट्टी खाली सोडली. दोर सैल झाला. मग खालून आवाज आला, या वेळी जवळून.

"बाजरीची हाय."

"मग काय सांगलीवाल्यावानी जोंधळ्याची आणीन?"

तो खात असावा. ती वाट बघत राहिली.

"डोळ्याला काय झालं?"

"लोखंडाचा कीस उडाला. सानेच्या चाकावर घासताना. दवाखान्यात ऱ्हायलो, पर गेला त्यो गेला. दुसऱ्यानं सुतभराचा फरक दिसत न्हाई. फिटरला सुतभरच बघायचं असतंय." बुट्टीचा दोर हलला. "हितं अंधारात डोळ्याचं काम न्हाई. बरं हाय हितं."

"घरी आलं असता तर?"

"काय म्हणून येऊ?"

तिनं बुट्टीचा दोर हाताला गुंडाळला. 

"तूच म्हणायचीस न्हवं?" तो खालून बोलत होता; वर येऊन हे तो बोलूच शकला नसता. "फिटरवाचनं गिरणीचं चाक फिरत न्हाई. जत्रंला आलो की आडावरनं बायका बघायच्या. तुझी मान बघायचो मी, कशी ताठ असायची. गिरणीत हरिबा सांगायचा त्यो र; आता माझ्यापाशी र लागणारं एक बी काम न्हाई गं. हमालाला र लागत न्हाई."

गडी जेवून परतले आणि पोती पुन्हा पडायला लागली. मनुबाई मागं सरली, आणि खळखळीत तिचा हुंदका कुणाला ऐकू गेला नाही. तो शब्द तिनं त्याला प्रेमानं दिला होता, असं तिला वाटत आलं होतं. रोज सकाळी पुसून-लखलखून आडावर नेला होता. आणि माणूस त्याच्या ओझ्याखाली इथं येऊन दडला होता.

हळद वर येत होती. आता वाकलं की डोक्याचं पिवळं मुंडासं दिसायचं. तो मान वर करत नव्हता.

"एक करतो," तो म्हणाला. "जत्रंला येतो. मुंबैकडनं आल्यासारखा येतो. कोट हाय अजून. काळा चष्मा लावतो, तिकडं लय जण लावत्यात. कुणाला कळायचं न्हाई. चार दिस ऱ्हातो आन जातो. तुझी बी मान ताठ राहील."

 मनुबाईला दिसलंच ते सगळं. मोटार, कोट, चष्मा, आणि आडावरच्या बायका. 'फिटर आलं का वं?' असं विचारणाऱ्या. तिची मान आपोआप ताठ झाली, तिला स्वतःलाच ते कळलं. आणि मग जत्रा सरून तो पुन्हा मोटारीत बसताना दिसला, आणि पुढचं अख्खं वर्ष दिसलं.

"चार दिस," ती म्हणाली. "म्हंजी पुन्यांदा तुमी जाणार, आन मी दार उचलून लावणार. न्हाई. मला न्हाई जमायचं."

"मग आडावर काय सांगशील?"

"ऐका. र म्हंजी शेपूट. शेपूट तुटलं म्हणून कुणी बैल रानात टाकून येतं का? मला बैल पायजे, शेपूट न्हाई. आता गप वर या, लोकं हसायला लागल्यात."

लोक खरंच हसत होते. पोती वेगानं पडायला लागली होती. गड्यांना जणू चेव आला होता. नाथाजी कमरेपर्यंत वर आला, मग छातीपर्यंत. दाढी वाढलेली, आणि ती मुळापासून पिवळी. हात पिवळे, कान पिवळे. एका अंगाचा डोळा पांढरा, मिटत आलेला. ते अंग तिच्यापासून वळवून तो उभा राहिला.

मनुबाई उठली आणि पेवाला वळसा घालून त्या अंगाला गेली. तो वळला. ती पुन्हा वळसा घालून गेली. तो पुन्हा वळला.

"फिटरचं टर्नर झालासा व्हय?" ती म्हणाली. "उभं ऱ्हावा एका जागी!"

तो उभा राहिला. ती खाली बसली आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला. चार माणसांत नवऱ्याच्या अंगाला हात लावायचा नसतो हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. पदराच्या टोकानं तिनं त्या गेलेल्या डोळ्याभोवतीची हळद पुसली. पुसून काही जात नव्हती. ती पुसतच राहिली.

"ह्या वयात हळद लागली तुमास्नी," ती म्हणाली.

नाथाजी हसायला गेला, आणि त्याचा चांगला डोळा भरून आला. "तू म्हातारी झालीस," तो म्हणाला.

"तुमी कुठं बघितलं? एकाच डोळ्यानं बघताय. अर्धीच म्हातारी दिसली असंल."

बाळगोंडानं तोंड दुसरीकडं केलं. गडी काड आणायला गेले. नाथाजीनं दोन्ही हात कडेला टेकून अंग वर ओढलं आणि तो पेवाच्या तोंडाशी बसला, पाय आत सोडून.  कृष्णात लांब बांधावर बसला होता. तो तिकडंच बसून राहिला.

"उद्याच्या मोटारीनं?" नाथाजीनं विचारलं.

"उद्याच्या."

"आडावर इचारतील."

"इचारू देत. मी तोंड उघडीन तेवढं उघडीन, न्हाईतर गप बसीन."

"तू? गप?"

"शिकीन आता. तुमी हळद शिकलासा न्हवं."

गड्यांनी काड आणलं, आणि माती कालवायला घेतली. लिंपायचं काम नाथाजीचं होतं. ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं बाळगोंडा म्हणाला. नाथाजीनं तिच्याकडं पाहिलं. "एवढं तोंड बंद करून येतो," तो म्हणाला. "थांबशील?"

मनुबाई थांबली. बाजूच्या रिकाम्या पेवांवर तिनं एकवार नजर टाकली, मग तो पुन्हा एखाद्यात उतरायला नको म्हणून त्याच्या आणि त्या पेवांच्या मधोमध जाऊन, पदर खोचून, पोत्यावर ऐसपैस बसली.